झाकणावरची राख

गुरुवारची पूजा आटोपली की गुरुदास परब मागीलदारी यायचा, पडवीच्या वाशाला टांगलेली वेळूची काठी काढायचा आणि टाकीचं झाकण सरकवून ती आत सोडायचा. काठीवर आठ खाचा होत्या, खाचेखाचेत एक वीत अंतर. काठी तळाला टेकली की वर काढायची, ओल कुठवर आली ते बोटाने धरायचं, आणि मग उगाच घसा खाकरायचा. एस.टी.त तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाची ही खोड होती. गाडीत चढल्यावर तो आधी खाकरायचा. बिनतिकिटाचा माणूस त्या आवाजानेच चुळबुळतो, असं त्याचं ठाम मत होतं आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते बदललेलं नव्हतं.

रामनवमीनंतरच्या गुरुवारी त्याने काठी वर काढली आणि खाकरायचं विसरला. ओल चौथ्या खाचेवर होती.

काठी पंच्याने पुसून त्याने पुन्हा सोडली. पुन्हा चारच. शिमग्याला टाकी उघडली तेव्हा साडेसात वीत पाणी होतं. दोन्ही घरांना आणि गायीला मिळून एक वीत पाणी बारा दिवस जातं, हा सहा वर्षांचा अनुभव. महिन्याभरात अडीच वीत उतरायला हवं होतं, ते साडेतीन उतरलं होतं. आधीच्या गुरुवारी थोडं थोडं जास्त उतरलेलं त्याने उन्हाच्या नावावर घातलं होतं.

म्हणजे एक वीत पाणी कुणीतरी नेलं होतं. पाणी गेलं असं त्याच्या मनात आलंच नाही, नेलं असंच आलं.

कातळवाडी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावर आहे. समोर लांबवर समुद्र चकाकत असतो आणि पायाखाली सगळा जांभा. खाली खाडीच्या काठाला वाडीची विहीर आहे, तिचं पाणी शिमग्यापर्यंत गोडं असतं. पुढे ते इतकं मचूळ होतं की चहात दूध फाटतं. म्हणून सहा वर्षांपूर्वी गुरुदास आणि त्याचा थोरला भाऊ दत्ताराम यांनी मागीलदारी खड्डा मारला, त्यातूनच निघालेल्या चिऱ्यांची टाकी बांधली, अर्धी जमिनीत, अर्धी वर. दोघांचं घर एकाच आढ्याखाली, मधे भिंत. दोघांच्या कौलांचं पाणी पन्हळीतून टाकीत यायचं. पावसाळ्याआधी कौलांवरचा पाला काढायचा, पन्हळी धुवायच्या, गाळणीतली वाळू आणि कोळसा बदलायचा, पहिले दोन दिवस पाणी बाहेर सोडून द्यायचं आणि मगच टाकीचा नळ लावायचा. दत्ताराम दोनच वर्षांत गेला. त्याची बायको नर्मदा पलीकडच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. तिच्या छपराचं पाणी टाकीत येत राहिलं आणि तिने रोज चार कळश्या न्यायच्या असं ठरलं.

आता एक वीत पाण्यासाठी एवढं काळीज धडधडायचं कारण काय, तर तन्वी. गुरुदासची ही एकुलती लेक कुडाळला दिली होती. तिला आठवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. डोहाळजेवणाला व्याह्यांनी सहज म्हणून विचारलं, "तुमच्या सड्यावर पाण्याचं काय करता उन्हाळ्यात?" त्यावर जेवणाऱ्या पन्नास माणसांत गुरुदास म्हणून बसला होता, "माझ्या टाकीत मिरगापर्यंत पाणी असतं. एक दिवस कमी पडलं तर पोरीला तुमच्याकडेच ठेवा, मी तोंडातून शब्द काढणार नाही." व्याही हसले होते. ते हसू गुरुदासला आता काठीच्या चौथ्या खाचेवर दिसत होतं. या चालीने मेच्या मध्यालाच तळ उघडा पडणार होता आणि तन्वीची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली होती.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. कावेरी तांदूळ निवडत होती.

"टाकयेतला पाणी कोण कोण काढता गो?"

"कोण काढतला? मी नी वैनी."

"वैनी चारच कळशे नेता मा?"

कावेरीने वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा हा आवाज ओळखता येत होता. "चारच नेता. तुमी भलत्या वाटेक जाव नको."

असं म्हटल्यावर तर त्याला ती वाट स्पष्टच दिसू लागली.

नर्मदावैनी उन्हाळ्यात खाली एस.टी.च्या थांब्यावर कोकम सरबत विकायची. मालवणला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथे भाईच्या चहाच्या टपरीशी थांबत. एक टेबल, एक छत्री, एक काचेची बरणी. रोज सकाळी आठला ती दोन्ही हातांत एकेक पांढरा कॅन घेऊन उतरायची आणि दोन्ही कॅनांवर फडकं बांधलेलं असायचं. सरबताला पाणी लागतं हे पोरासोरालाही कळतं. ते पाणी येतं कुठून हे इतके दिवस आपल्याला कसं सुचलं नाही, याचंच गुरुदासला नवल वाटलं. फडकं कशाला बांधायचं? झाकायला काही असल्याशिवाय माणूस झाकतो का?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दोन्ही घरं आडवी झाली असताना, त्याने चुलीतली राख आणून टाकीच्या झाकणावर पातळ पसरली. संध्याकाळी राखेत चार बोटं उमटलेली होती. ती कावेरीची निघाली. गायीला पाणी ठेवायला तिने झाकण उघडलं होतं आणि हाताला राख लागली म्हणून ती वर त्याच्यावरच चिडली. मग त्याने झाकणाच्या कडीला काळा दोरा बांधला, तो मांजराने तोडला. तिसऱ्या दिवशी तो पहाटेच उठून काजूच्या झाडाआड बसला. झाडावरच्या तांबड्या हुमल्यांनी चावून चावून त्याच्या पोटऱ्या फोडून काढल्या, पण तो हलला नाही.

नर्मदा आली. पन्नाशी कधीच ओलांडलेली, उंच, कमरेत किंचित वाकलेली. तिने चार कळश्या भरल्या. चौथी भरल्यावर तिने तांब्या टाकीवर उपडा धरून शेवटचे थेंब आत निथळवले, झाकण लावलं, हाताने वरचा पाला झाडला आणि गेली.

दुसरा कुणी असता तर त्याचं समाधान झालं असतं. गुरुदासला मात्र नोकरीतले दिवस आठवले. हातात तिकीट धरून बसणारी, आपणहून पुढे करणारी माणसंच शेवटी दोन थांबे जास्त प्रवास केलेली निघत. थेंब निथळवून दाखवणारी बाई काही साधी नाही, असं मनाशी म्हणत तो पोटऱ्या खाजवीत घरात आला.

दुपारी तो खाली थांब्यावर गेला. नर्मदा जेवायला वर गेली होती. छत्रीखाली बरणी झाकून ठेवलेली होती. भाईने न विचारता चहा पुढे केला.

"आज तपासणी कोणाची?" भाईने हसत विचारलं.

"आमची वैनी सरबताक पाणी खंयचा वापरता रे?"

"माझ्या बोरिंगचा. दोन कॅन नेता रोज." भाईने मागच्या अंगाला हात केला. तिथे घासलेली पातेली उन्हात पालथी घातलेली होती. "त्याच्या बदल्यात सकाळची सगळी भांडी घासून दिता. मी नको म्हटलंय, पण आयकणा नाय."

"आणि घराकडसून भरान हाडता ते कॅन?"

"ते रिकामे असतत. रिकामे कॅन घेवन पाण्याक जाताना लोकांनी बघलेला तिका आवडणा नाय. म्हणान फडक्या बांधता."

गुरुदासने चहा संपवला. भाईचं बोलणं अगदी जुळत होतं, आणि जुळणाऱ्या गोष्टींवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. सरबताच्या टेबलाशी गाड्या थांबल्या की भाईची भजी खपतात. तो वैनीच्या विरुद्ध कशाला बोलेल? चढ चढताना गुरुदासच्या मनात चोर एक होता त्याचे दोन झाले होते.

त्याने टाकीला लोखंडी पट्टी ठोकली आणि कुलूप घातलं. सकाळी सातला उघडायचं, साडेसातला लावायचं. किल्ली जानव्याला.

पहिल्या दिवशी नर्मदा कळशी घेऊन आली, कुलपाकडे बघितलं आणि उभी राहिली. गुरुदास आत पूजा करत होता. पूजा नेहमी पाव तासात व्हायची, त्या दिवशी अर्धा तास चालली. उन्हं पायरीवर आली. नर्मदेने कळशी या कमरेवरची त्या कमरेवर घेतली. कावेरी दोनदा दारात येऊन परत गेली, तिला जावेकडे बघवेना. शेवटी गुरुदास बाहेर आला, कुलूप काढलं आणि तिथेच उभा राहिला.

"एक," तो म्हणाला. तिने कळशी नेली, परत आली. "दोन." परत आली. "तीन."

चौथी कळशी भरून झाल्यावर नर्मदा सरळ उभी राहिली. ज्या दिराला तिने लग्नानंतर स्वतःच्या ताटातलं वाढलं होतं, त्याच्याकडे तिने शांतपणे बघितलं.

"भावजी, तिकीट दाखवू?"

त्याने कुलूप लावलं.

कुलूप लागूनही पुढच्या गुरुवारी काठीने अर्ध्याऐवजी पाऊण वीत कमी दाखवलं. गुरुदास टाकीभोवती फिरला. टाकीच्या पाठच्या अंगाला, भिंत जमिनीत शिरते तिथे, छातीएवढा उंबर उभा होता. सड्यावर सगळं गवत भाजून तांबडं झालेलं, पण उंबराची पानं अशी तजेलदार की बघून डोळे निवावेत. परब घराणं दत्ताचं. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या सुमाराला हे रोप वीतभर असताना नर्मदेनेच ते पहिल्यांदा पाहिलं होतं. "भावजी, टाकयेच्या मुळात उंबर रुजलो हा. वेळीच काढूक होयो," ती म्हणाली होती. त्यावर गुरुदासने कानाला हात लावले होते. औदुंबर आपणहून दारात येतो तो काय उपटून टाकायला? त्याने त्याच्याभोवती चार चिऱ्यांचा पार केला आणि दर गुरुवारी उदबत्ती लावून तांब्याभर पाणी घालायचा नेम धरला. आताही त्याने टाकीतलाच एक तांब्या त्याच्या मुळाशी रिता केला आणि हात जोडले.

"दत्तगुरू, तुझ्या कृपेन तू हिरवो आसस. माझा पाणी कोण नेता तेवढा दाखव."

मग त्याला वाटलं, हे काम दत्ताचं नाही. दत्त शांत देव. चोराचं काम ग्रामदेवतेकडे नेलं पाहिजे.

सोमवारी तो नारळ, विडा घेऊन रवळनाथाच्या देवळात गेला. देवळात सोमवारी वाडी जमतेच. गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. सत्तरी उलटलेले पण आवाज खणखणीत. गुरुदासने त्यांच्या कानाशी काय ते सांगितलं. दाजींनी भुवया उंचावल्या, बायकांच्या बाजूला एकदा पाहिलं. तिथे खांबाला टेकून नर्मदा उभी होती.

"नक्की घालू?" दाजींनी विचारलं. "एकदा घातला की परत फिरान येणा नाय. निकाल लागलो की हयच येवन, सगळ्यांसमोर, काय उजेडात इला ता सांगूक लागता."

"घाला."

दाजींनी नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडून सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आज तुझो लेकरू गुरुदास तुझ्या पायाकडे इलो हा."

"व्हय महाराजा," सगळी माणसं म्हणाली.

"तेच्या टाकयेचा पाणी कोणतरी चोरून नेता हा."

"व्हय महाराजा."

"जो कोण नेता, तो घरचो असांदे नायतर भायरचो असांदे, तेका उजेडात हाड, तेचा नाव तेच्या तोंडातून वदव."

"व्हय महाराजा."

त्या शेवटच्या हाकेत एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला. गुरुदासने मान वळवली. नर्मदा डोळे मिटून, हात जोडून उभी होती. बायका तिच्यापासून थोड्या सरकून उभ्या राहिल्या होत्या. कुणी मुद्दाम सरकलं नव्हतं, पण मधे जागा पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गुरुदासने कुलूप काढलं. नर्मदा आली, तिने पितळेची कळशी झाकणावर उपडी ठेवली आणि म्हणाली, "देव सांगीसर मी ह्या पाण्याक हात लावचंय नाय."

"मगे पिवचास काय?" गुरुदासच्या तोंडून निघून गेलं.

"तुमी तुमचा बघा."

ती खाली भाईकडून पाणी आणू लागली. दिवसाला दोनाचे चार कॅन झाले. चढ चढताना ती तीन ठिकाणी टेकायची. चार कॅनांसाठी आता भाईची संध्याकाळची भांडीही तिच्याकडे आली. कॅनांवरचं फडकं तिने काढून टाकलं होतं. कावेरीने एकदा मागच्या दाराने गुपचूप कळशी पुढे केली, ती नर्मदेने हातही न लावता परत पाठवली. त्या दिवशी कावेरी जेवली नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "माका भूक नाय. माका ह्या घरात पाणी पिवची लाज वाटता."

आणि पाणी उतरतच राहिलं.

हेच गुरुदासला सोसेना. नर्मदा एक थेंब नेत नव्हती, कुलूप त्याच्या हातचं, किल्ली जानव्याला, तरी पंधरा दिवसांत दीड वीत गेलं. वैनीच्या कळश्या वजा जाता पाऊण वीत जायला हवं होतं. त्याने कावेरीवर नजर ठेवली. तिने गायीला किती बादल्या घातल्या त्या मोजल्या, भांडी विसळताना मागे उभा राहिला. ती एकदा बादली तशीच टाकून घरात निघून गेली. त्याने किल्लीचा साबणावर ठसा कुणी घेतला असेल का, हेही मनात आणून पाहिलं. संशय घ्यायला माणसं संपत आली तसा तो रात्रंदिवस स्वतःशीच पुटपुटू लागला. तन्वीचा फोन आला, "बाबा, सोमवारी येऊ ना?" तो म्हणाला, "ये." फोन ठेवून तो पुन्हा काठी घेऊन टाकीशी गेला.

मेच्या दुसऱ्या गुरुवारी पूजा करून तो तांब्या घेऊन उंबराशी आला. पाणी ओतलं. सड्यावरची वैशाखातली जमीन तांब्याभर पाणी ओतलं की चुर्र करून पिते. हे पाणी वरच राहिलं, हळूच पसरलं आणि पाराच्या चिऱ्याखालून बाहेर आलं.

गुरुदास बघत राहिला. मग खाली बसून त्याने पाराचा एक चिरा उचकटला. चिऱ्याच्या पोटाला हिरवं शेवाळ होतं. खाली ओला, काळा चिखल, आणि त्यातून एक बेडूक टुणकन उडी मारून त्याच्या पायावरून गेला. सगळ्या सड्यावर बेडकाला बसायला दुसरी ओली जागा नव्हती. चिखलात उंबराचं मनगटाएवढं मूळ होतं आणि ते सरळ टाकीच्या भिंतीत गेलं होतं.

त्याने कुलूप काढलं, पंचा खोचला आणि तो टाकीत उतरला. पाणी पोटरीला. आत थंडगार आणि अंधारं. भिंतीला हात लावत तो पाठच्या कोपऱ्यात गेला, वाकून पाण्याखाली चाचपलं. तळ आणि भिंत मिळतात तिथे गिलावा फुटला होता आणि हाताला सुंभाच्या लडीसारखा मुळांचा झुबका लागला. त्याने तो मुठीत धरला. भेगेत पाणी शिरताना बोटांना कळत होतं.

त्याला शरम वाटली. इतकी की वर यायला नको असं वाटलं. आणि माणूस कसा असतो बघा, त्या शरमेतच त्याला दुसरा विचार सुचला, की हे अजून कुणालाच माहीत नाही.

तो मालवणला जाऊन पाण्यातच घट्ट होणारं सिमेंट घेऊन आला. दत्ताची क्षमा मागून त्याने आतली मुळं कोयतीने कापली, भेग लिंपली, कापलेला झुबका बादलीत टाकून गोठ्यामागे फेकला आणि पाराचा चिरा होता तसा बसवला. कावेरीला म्हणाला, "टाकी साफ केलंय." दोन दिवसांनी काठी घातली. ओल जेमतेम बोटभर उतरली होती. दीड वीत.

रविवारी तो थांब्यावर गेला तर टपरीवर वाडीतली माणसं बसली होती. "गुरुदास, पाणी थांबला म्हणतत," एकजण म्हणाला. कावेरीने कुणाकडे तरी बोलताना सांगितलं असणार. "रवळनाथ जागृत. वैनीन कळशी पालथी घातल्यान आणि पाणी थांबला. आणखी काय पुरावो होयो?" बाकीच्यांनी माना हलवल्या. गुरुदास बाकावर बसला आणि त्याने चहा मागितला. टपरीच्या मागून भांड्यांचा आवाज येत होता तो क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

घरी येऊन त्याने सवयीने काठीसाठी वाशाला हात घातला. काठीच्या खिळ्याला मुळांचा वाळलेला झुबका टांगलेला होता. दारात कावेरी उभी होती.

"गायीन शोधून काढल्यान," ती म्हणाली. "उद्या चेडू येतला. तिका मी काय सांगू? काकीन पाणी चोरला म्हणान सांगू?"

गुरुदास पायरीवर बसला. त्याला व्याही आठवले, डोहाळजेवणातली पन्नास माणसं आठवली. मग देवळात बायकांच्या रांगेत पडलेली जागा आठवली.

सोमवारी देवळात वाडी नेहमीपेक्षा जास्त जमली होती. निकालाचं गाऱ्हाणं ऐकायला कुणाला नको असतं? तन्वी सकाळच्या गाडीने आली होती, ती आईजवळ भिंतीला धरून बसली होती. नर्मदा त्याच खांबाशी. दाजींनी नारळ हातात घेतला.

"सांग गुरुदासा. काय उजेडात इला?"

या वेळी गुरुदास आधी खाकरला नाही.

"चोर गावलो," तो म्हणाला. "टाकयेच्या पाठचो उंबर. तेच्या मुळांनी टाकी फोडल्यानी."

कुणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय महाराजा." बाकीचे गप्प होते. दाजींनी सगळ्यांकडे रागाने बघितलं. निकाल सांगताना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर तो देवाला पोचत नाही.

"दोन वर्षांपूर्वी वैनीन सांगल्यान होता, उंबर काढा म्हणान. मी आयकूक नाय."

"व्हय महाराजा."

"दर गुरुवारी मीच तेका पाणी घातलंय."

"व्हय महाराजा."

"वैनीन पाणी चोरूक नाय. मी तिका कुलपाकडे उभी केलंय. मी तिचे कळशे मोजलंय."

"व्हय महाराजा."

"चोर कळल्यावरय चार दिवस मी गप रवलंय."

या वेळी हुंकार आला तो एवढा मोठा की गाभाऱ्यातली घंटा घुमली. आपल्या प्रत्येक शब्दाला गाव असं एकमुखाने होकार देत होतं. त्या आवाजात त्याने नर्मदेचा आवाज शोधला. तो नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती, डोळे उघडे ठेवून.

घरी आल्यावर त्याने कुलूप काढून गोठ्यात टाकलं आणि पट्टी उखडली. नर्मदा तन्वीला जवळ घेऊन पायरीवर बसली होती. तिच्या पोटावरून हात फिरवत होती.

"दीड वीत म्हणजे अठरा दिवस," ती तन्वीशीच बोलल्यासारखी बोलली. "मिरगाक अजून पंचवीस आसत. वर पयले दोन दिवस भायर सोडूचे. बाळंतिणीच्या न्हाणाक पाणी होया."

"मी व्याह्यांका फोन करतंय," गुरुदास म्हणाला. "मी शब्द दिलो होतो. चेडवाक घेवन जावंदे."

"चेडू खंय जावचा नाय." नर्मदेने पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. "भाईचा बोरिंग आसा. दोन कॅनाक सकाळची भांडी. चार कॅनाक संध्याकाळची पण. माझे हात आता दुखतत."

एवढंच बोलून ती उठली.

मंगळवारी सकाळी आठला गुरुदास परब दोन रिकामे कॅन घेऊन सडा उतरला. त्याने त्यावर फडकं बांधलं होतं, पण अर्ध्या वाटेवर थांबून ते सोडलं आणि खांद्यावर टाकलं. टपरीच्या मागे तो उकिडवा बसला आणि काथ्याला राख लावून पातेलं घासू लागला. भाईने पाण्याची नळी जवळ सरकवली. मालवणची गाडी आली. कंडक्टर चहाला उतरला, मागे डोकावला आणि जागीच थबकला. पूर्वी कधीतरी गुरुदासने त्याला एका तिकिटावरून भर गाडीत फैलावर घेतलं होतं.

"साहेब, तुम्ही?"

"व्हय," गुरुदास म्हणाला आणि पातेलं पालथं घातलं.

दोन कॅन चढवताना तो तीन ठिकाणी टेकला. तिन्ही ठिकाणी दगडालगतचं वाळकं गवत बसून बसून चेपलेलं होतं. ती जागा कुणाची ते त्याला कळलं.

तो मागीलदारी पोचला तेव्हा नर्मदा टाकीशी होती. तीन आठवड्यांनी तिची पितळेची कळशी सरळ झाली होती. तिने चार कळश्या भरून नेल्या होत्या आणि आता वाशावरची काठी काढून आत सोडली होती. ओल कुठवर आली ते तिने बोटाने धरलं, नखाने काठीवर एक बारीक खूण केली आणि काठी जागेवर टांगली. झाकण सरकवलं. मग पदराच्या गाठीतून मूठभर राख काढून तिने ती झाकणावर पातळ पसरली, कडेपर्यंत.

"काकी, ह्या काय?" तन्वीने पडवीतून विचारलं.

"राख," नर्मदा म्हणाली. "कोण हात लावता ता कळता. तुझ्या बापाशीन शिकवल्यान."

गुरुदासने कॅन खाली ठेवले. त्याला गायीला पाणी घालायचं होतं, पण तो टाकीकडे गेला नाही. कॅनचं बूच उघडून त्याने भाईचं पाणी बादलीत ओतलं आणि गोठ्याकडे वळला.